रीमॅप केलेल्या टर्बो गाडीत बॉनेटखाली साचणारी उष्णता: बॉनेटला जाळ्या पाडाव्यात का?

घाटवाट (पुणे)

नमस्कार. माझ्याकडे 1.2 लिटर टर्बो (एक्झॉस्टच्या वायूवर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारे यंत्र) पेट्रोल इंजिनाची, सात वर्षे वापरलेली हॅचबॅक असून दोन वर्षांपूर्वी मी तिचे रीमॅपिंग (इंजिनाच्या संगणकातली मूळ मांडणी बदलून ताकद वाढवणे) करून घेतले. एप्रिलमधल्या एका रविवारी भर दुपारी पसरणी घाट जरा जोमाने चढलो आणि पाचगणीच्या अलीकडे वाहनांच्या रांगेत जवळपास पाऊण तास अडकलो. स्कॅनरवर कूलंटचे तापमान 97 अंशांवर स्थिर होते, परंतु इंजिनात जाणाऱ्या हवेचे तापमान, जे घाटात 44 अंश होते, ते रांगेत चढत चढत 71 अंशांवर गेले. रांग सुटल्यावर गाडीत नेहमीची ओढ उरली नव्हती. शिवाय क्लचचे पायडल मऊ पडले, पहिला गिअर अडखळत पडू लागला आणि गाडी तासभर थंड झाल्यावरच पायडल पूर्ववत झाले. मुक्कामी बॉनेट उघडून पाहिले, तर टर्बोजवळच्या वायरींवरचे नालीदार प्लास्टिकचे आवरण बोट लागताच पापडासारखे मोडले.

गॅरेजमधून तीन उपाय सुचवले आहेत: बॉनेटला जाळ्या पाडणे, एक्झॉस्ट मॅनिफोल्डला (इंजिनातला जळका वायू गोळा करणाऱ्या नळ्यांच्या जोडाला) उष्णतारोधक पट्टी गुंडाळणे, किंवा बॉनेटच्या मागच्या बिजागऱ्यांखाली वॉशर घालून ते काचेच्या बाजूने थोडे उचलणे. मूळ पत्र्याला कातर लावण्यापूर्वी जाणकारांचे मत हवे आहे.

तेलपाणी (कोल्हापूर)

आपण आकडे दिलेत हे फार बरे केले, कारण 'गाडी तापते' या एका वाक्यात निरनिराळ्या तक्रारी लपलेल्या असतात. कूलंट 97 अंशांवर स्थिर आहे, म्हणजे रेडिएटर, थर्मोस्टॅट आणि पंखा आपापले काम करत आहेत. इंजिन तापलेले नाही. तापली आहे ती इंजिनाभोवतीची जागा.

पेट्रोलमधल्या ऊर्जेचा साधारण तिसरा हिस्सा एक्झॉस्टवाटे बाहेर पडतो आणि जोरात चढ चढताना टर्बोत शिरणारा वायू 850 ते 950 अंशांपर्यंत जाऊ शकतो. तापलेल्या धातूतून होणारे उष्णतेचे प्रारण निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते, त्यामुळे टर्बोचे आवरण 600 अंशांवरून 800 अंशांवर गेले, तर आजूबाजूच्या वायरी, नळ्या आणि रबरावर पडणारी धग दुपटीहून अधिक होते. रीमॅपनंतर इंजिन अधिक हवा आणि अधिक इंधन जाळते. बॉनेटखालची रचना मात्र कंपनीने मूळ ताकदीचा हिशोब धरून केलेली असते. गाडी चालती असेपर्यंत वारा ही धग वाहून नेतो, पण रांगेत उभे राहिल्यावर पंखा रेडिएटरचीच गरम हवा मागे ढकलतो आणि इंजिनात जाणारी हवा थंड करणारा इंटरकूलरही त्याच हवेत बुडून राहतो. 44 वरून 71 अंशांवर गेलेली हवा सुमारे आठ टक्के विरळ होते, आणि नॉकिंग (इंधन वेळेआधी आपोआप पेटून बसणारे ठोके) टाळण्यासाठी संगणक ठिणगीही उशिरा टाकतो. आपल्याला जाणवलेली मरगळ यातूनच आली असावी.

मला खरी काळजी वाटते ती क्लचच्या पायडलची, कारण ताकद कमी होणे हा गैरसोयीचा भाग आहे आणि हा सुरक्षिततेचा. पुष्कळ गाड्यांमध्ये क्लच आणि ब्रेक एकाच डबीतले तेल वापरतात. डॉट 4 प्रतीचे नवे तेल किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतले पाणी शोषत राहते आणि पुरेसे पाणी शिरले की हीच मर्यादा 155 अंशांपर्यंत उतरू शकते. क्लचची नळी टर्बोच्या धगीत असेल आणि तेल जुने असेल, तर नळीत वाफेचे बुडबुडे होऊन पायडल मऊ पडते. हे तेल आधी बदला. त्याआधी घाट उतरू नका.

मग टर्बो आणि मॅनिफोल्डवरचा धग अडवणारा मूळ पत्रा जागेवर आहे की नाही ते पाहा. तो सैल होऊन खडखडू लागला की बऱ्याच ठिकाणी सरळ काढून टाकतात. गाडीच्या पुढच्या भागाचे काम कधी झाले असेल, तर रेडिएटरच्या दोन्ही बाजूंची फोमची पट्टी आणि पोटाखालचे प्लास्टिक आवरणही तपासा. फट राहिली की हवा रेडिएटर आणि इंटरकूलरमधून न जाता कडेने निसटते.

बॉनेट मागून उचलण्याचा उपाय मात्र मुळीच करू नये. वेगात असताना काचेच्या पायथ्याशी हवेचा दाब जास्त असतो, त्यामुळे त्या फटीतून गरम हवा बाहेर पडण्याऐवजी बाहेरची हवाच आत शिरू पाहते आणि रेडिएटरमधून येणाऱ्या हवेची वाट अडवते. जाळ्या पाडायच्याच असतील, तर त्या पुढच्या भागात, रेडिएटरच्या लगेच मागे हव्यात, जिथे बॉनेटवर दाब कमी असतो. पण महाबळेश्वरच्या पावसात त्याच जाळ्यांतून पाणी थेट ठिणगीसाठी वीज पुरवणाऱ्या कॉइलवर पडेल, याचा विचार करावा.

मरुवारा (मस्कत)

इथे उन्हाळ्यात पारा 45 च्या वर जातो, म्हणून पट्टीचा अनुभव सांगतो. मी माझ्या जुन्या गाडीच्या ओतीव लोखंडी मॅनिफोल्डला पट्टी घट्ट गुंडाळली. बॉनेटखालची धग खरोखरच कमी झाली, परंतु कोंडलेल्या उष्णतेने दुसऱ्या वर्षी मॅनिफोल्डला दोन नळ्यांच्या बेचक्यात केसासारखी चीर गेली. पट्टी तेल आणि पाणीही धरून ठेवते. त्यापेक्षा मध्ये हवेची फट ठेवून उभा केलेला पत्रा बरा, कारण तो धग परावर्तित करतो आणि धातूला श्वास घेऊ देतो. 1992 साली आलेल्या मॅकलॅरन एफ 1 मध्ये याच कारणासाठी इंजिनकक्षाला सोन्याचा वर्ख लावला होता, कारण सोने अवरक्त किरण उत्तम परतवते. आपल्याला क्लचच्या नळीवर ॲल्युमिनियमचा मुलामा असलेले आवरण चढवले तरी पुष्कळ आहे.

घाटवाट (पुणे)

आपल्या दोघांचा मनापासून आभारी आहे. गाडी लिफ्टवर घेतली, तेव्हा टर्बोवरचा पत्रा जागेवर नव्हताच. त्याचे दोन बोल्ट गंजून तुटलेले होते आणि तिसऱ्याच्या खुणेभोवती फक्त काळे वर्तुळ उरले होते. गेल्या वर्षी 'खडखड थांबवली' असे मला सांगण्यात आले होते, त्याचा अर्थ आता कळला. क्लचची नळी टर्बोपासून जेमतेम चार बोटांवर आहे. डबीतले तेल चहाच्या रंगाचे झाले होते.

नवा पत्रा बसवला, तेल बदलले, नळीवर आवरण चढवले. काल पुन्हा पसरणी चढलो आणि वर मुद्दाम अर्धा तास इंजिन चालू ठेवून उभा राहिलो. पायडल शेवटपर्यंत कडक राहिले. हवेचे तापमान 63 अंशांपर्यंत गेले, मात्र गाडी सुटल्यावर चारपाच मिनिटांत ते 46 वर उतरले. बॉनेट न कापण्याचे ठरवले आहे.

तेलपाणी (कोल्हापूर)

63 हा आकडा उभ्या टर्बो गाडीसाठी मला वावगा वाटत नाही. एवढेच पाहा की नव्या पत्र्याच्या बोल्टखाली रुंद वॉशर घातले आहेत ना, कारण पत्रा बोल्टच्या भोकापाशीच थरथरून फाटतो. आणि मोडलेले ते नालीदार आवरण बदलताना आतल्या वायरींचे इन्सुलेशन कडक झाले आहे का, हेही एकदा वाकवून तपासा.