टू स्ट्रोक, पांधन अन् चिखल : तुमचे अनुभव सांगा

धुऱ्यावरचा (धागाकर्ता)
पोळा आला म्हणून काल कोठा साफ करायला घेतला. कुटाराच्या ढिगामागून बाबांची यामाहा आरएक्स १०० मोटारसायकल निघाली, १९९३ ची. सात वर्षं कोणी हात लावला नव्हता. टाकीचं झाकण उघडलं तर तोच वास, जळक्या टू-टी (टू स्ट्रोक इंजिनच्या) ऑइलचा अन् जुन्या पेट्रोलचा, आणि मी एकदम आठवीत जाऊन बसलो.
आमचं वावर गावापासून अडीच किलोमीटर, मधे पांधन म्हणजे कच्चा शेतरस्ता आणि एक नाला. काळी माती ज्यांनी पाहिली त्यांना सांगायला नको. ओली झाली की चाकाला अशी लपेटते की शंभर पावलांत पुढचं चाक फिरणंच बंद, मडगार्ड आणि टायरच्या मधे गारा ठासून भरलेला. बाबा तुराटीनं कोरून काढायचे, दहा पावलं गेलं की पुन्हा तेच. एका जूनमधे ते वैतागले, दहा नंबरचा पाना घेतला, पुढचं मडगार्डच काढून निंबाच्या फांदीला अडकवलं. दसऱ्यापर्यंत ते तिथंच. तोंडावर चिखल उडायचा म्हणून दुपट्टा बांधून चालवत. नाल्यात पाणी असलं की मी पुढून अन् बाबा मागून, गाडी उचलून पार. शंभर किलोच्या आसपासची गाडी, दोघांत उचलली जायची.
आता माझा पोरगा मोबाइलवर त्या विदेशी छोट्या टू स्ट्रोक पाहत बसतो, ८५ सीसी, १२५ सीसी, मडगार्ड टायरपासून वीतभर वर. मी म्हटलं हे तुझ्या आजोबानं नव्वदच्या दशकात केलं बे, फक्त निंबावर टांगून.
आज वीस किका मारल्या, चालू नाही झाली. तुमच्याकडच्या आठवणी लिहा.

संत्रापट्टी
वीसच? आमच्या बुढ्याच्या राजदूतले पंधरा किका मारल्यावर तं ते जागी व्हाये 😂 १७५ वाली. मोर्शीच्या बाजारात चार पोती कांदे एका टायमाले आणले तिच्यावर. दूधवाला, पोस्टमन, सारे राजदूतवालेच होते आमच्या इकडं. आवाजावरून मायले कयत होतं कोन आलं ते, चहा मांडूनच ठेवे.

मास्तरीण
मोटारसायकल नाही पण माझी लूना चालेल का धाग्यात? ५० सीसी, टू स्ट्रोकच ती पण. १९९१ ला नोकरी लागली, शाळा बाभुळगाव तालुक्यात, स्टॅंडपासून चार किलोमीटर कच्चा रस्ता. पेट्रोल संपलं तर पायडल मारत यायचं, ही सोय आता कोणत्या गाडीला आहे सांगा. एकदा पंपावर ऑइल टाकायचं राहिलं, नुसतं पेट्रोल. माझीच चूक, पोराच्या तापाच्या गडबडीत होते. अर्ध्या रस्त्यात चाकच जाम. कुलूप लावल्यासारखी उभी. एका काकांनी बंडीत टाकून घरी आणून दिली, लूना आणि मी दोघी कडब्यावर बसून. वर्गातली पोरं धुऱ्यावरून टाळ्या वाजवत होती.

गॅरेजवाला दारव्हा
ताई पिस्टन शीझ झाला तो, म्हंजे आत चिकटून बसला. टू स्ट्रोकमधे इंजिनले येगळं ऑइल नाई भेटत, पेट्रोलसोबत जे येते तेच बेरिंगले, तेच पिस्टनले. लिटरले २० मिली म्हंजे पन्नासाले एक, जुन्या गाड्यायले त्याच्याहून जास्त लागे. आरएक्सले ऑइलची टाकी येगळी अन् पंप येगळा होता म्हनून लोकायले सोपी गेली.
धुऱ्यावरचे भौ, डायरेक्ट किका नका मारू. जुनं पेट्रोल पूर्ण काढा, सात वर्षांत त्याचा डिंक झाला असन. कार्बोरेटर उघडा, जेट फुंकून घ्या, प्लग काढून पॉलिश पेपर मारा. प्लगच्या भोकातून थोडं ऑइल सोडून हातानं किक दाबा, पिस्टन चिकटला असन तं जोर लावल्यावर रिंग तुटते. सायलेन्सरची आतली नळी काढून जाळा, कार्बन असतेच.

मेळघाट रिटर्न
सेमाडोहच्या पुढं तीन वर्षं नोकरी केली. टीव्हीएसची एक्सएल मोपेड होती, जुनी टू स्ट्रोकवाली. मागं रेशनचे कट्टे, पुढं फळीवर पोरगं. चिखलदऱ्याच्या घाटात उतरून बाजूनं चालायचो अन् ती एकटी चढायची माझ्यासोबत, बकरीसारखी. आता एक्सएल १०० आली ती फोर स्ट्रोक आहे, ९९.७ सीसी, चांगलीच आहे पण तो चुरचुर आवाज नाही.
बाकी कोणाकडं सावजी मसाला घरचा केलेला मिळेल का, बायको विचारते आहे.

संत्रापट्टी
मसाला भेटते, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

फोर स्ट्रोक भक्त
सगळे भावुक झाले म्हणून मी वाईटपणा घेतो. आरएक्स पस्तीस-चाळीसचं ॲव्हरेज द्यायची, आमची आताची शंभर सीसी साठच्या वर देते. धूर एवढा की मागच्याचा शर्ट काळा. टू स्ट्रोकमधे न जळलेलं पेट्रोल बऱ्यापैकी सायलेन्सरमधून बाहेर जातं, उगाच नाही नियम आले. सोयाबीनच्या भावात पेट्रोल परवडत नाही अन् हे लोक टू-टीच्या वासावर कविता करतात.

गॅरेजवाला दारव्हा
भौ खरं हाये तुमचं. पन चिखलाचं गणित येगळं. फोर स्ट्रोकमधे क्रँकच्या दोन फेऱ्यात एकदा स्फोट, टू स्ट्रोकमधे दर फेरीले. म्हनून तेवढ्याच सीसीत ताकद जास्त, अन् व्हॉल्व्ह नाई, कॅम नाई, टायमिंग चेन नाई, म्हंजे वजन कमी. ९८ सीसीत ११ बीएचपी होते आरएक्सचे, १९८५ साली! फसली तं एकटा मानूस वढू शकते. अन् हेड खोलाले चार नट. मी बारा वर्षांचा असताना निंबाखाली पोतं हातरून उघडलं होतं, बापानं हानलं, मंग जोडाले लावलं. जोडलं.

फोर स्ट्रोक भक्त
मार खाल्ला म्हणून शिकलात 😄 ठीक आहे, वजनाचं मान्य.

भामरागडकडचा
आमच्या इकडं पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ताच बंद. पूर ओसरला की गाडी डोंग्यात घालून पार. आडवी टाकायची नाही, पेट्रोल सांडते, उभी धरून बसायचं. डोंगेवाला आधी गाडी पाहून पैसे सांगे. हलकी असली की कमी, बुलेट असली की म्हणे दुसरी खेप पहा. माझी सुझुकी समुराई होती. तिच्यावर एटापल्लीपर्यंत जाऊन आलो बऱ्याचदा

पुण्यात अडकलेला
मूळ आर्वीचा. धागाकर्त्याच्या पोराला सांगा की मी तपास केला आहे 😀 विदेशात अजून यामाहा वायझेड १२५, केटीएम, हुस्कवार्नाच्या छोट्या टू स्ट्रोक बनतात, पोरांसाठी ५० अन् ६५ सीसीच्या पण. आपल्याकडं कावासाकीची केएक्स ६५ आली, आली तेव्हा किंमत तीन लाखांच्या वर होती. अन् हेडलाइट नाही, इंडिकेटर नाही, पासिंग होत नाही, फक्त ट्रॅकवर. म्हणजे पांधनीत चालवता येईल पण डांबरी रस्ता ओलांडायला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालायची. रोडवर चालणारी ऑफ रोड पाहिजे तर एक्सपल्ससारखी, पण ती दीडशे किलोच्या वर आणि फोर स्ट्रोक. चढते छान, नाल्यातून उचलून दाखवा बरं.
मग जुनी शोधा. मी गेल्या वर्षी एका एजंटकडं आरएक्स पाहिली, कलर नवा, क्रोम नवा, मीटरवर अकरा हजार किलोमीटर म्हणे. चेसीस नंबर पाहायला गेलो तर त्या जागी ताजा काळा रंग. एक लाख दहा हजार सांगत होता. चहा पिऊन निघालो.

संत्रापट्टी
एक लाख दहा मधे बैलजोडी येते अन् तिले पासिंग लागत नाई

मास्तरीण
कोणत्या बाजारात येते? आमच्याकडं दीडच्या खाली बोलत नाहीत.

संत्रापट्टी
ताई तेई खरं. पोळ्याच्या आधी तं इचारूच नका. झुला, बेगडं, मठाटी सगळंच महागलं.

येझदीवाला
उशिरा आलो. म्हैसूरची येझदी, अडीचशे सीसी, छोटी नाही पण टू स्ट्रोक आहे म्हणून घुसतो. किक मारायची अन् तोच दांडा खाली पाडून गियर. नवीन पोट्ट्यांना चालवायला दिली की दहा मिनिटं किक शोधतात. वर्धा नदीच्या रेतीत नेली होती एकदा मित्राच्या पैजेवर, बाहेर काढायला सहा माणसं लागली. रेतीत अन् गाऱ्यात हलकंच पाहिजे, गॅरेजवाले भौ बरोबर बोलले. पार्ट मिळतात अजून, पण कशाचा दर्जा काय ते घालून पाहिल्याशिवाय कळत नाही. एक लेथवाला आहे ओळखीचा, बोअर मारून ओव्हरसाइज पिस्टन बसवून देतो, तो म्हातारा झाला आता, पोरगा मोबाइल दुरुस्ती करतो.

मेळघाट रिटर्न
येझदीवाले काका फोटो टाका ना

येझदीवाला
टाकतो, नात आली की. मला जमत नाही.

धुऱ्यावरचा
सगळ्यांचे आभार. गॅरेजवाले भौ, तुमचं ऐकून आज सकाळपासून बसलो. कार्बोरेटर उघडला, खाली चिक्कीसारखा थर, पिनेनं जेट साफ केलं. प्लगला ठिणगी निळी येत होती. पिस्टन मोकळा. तरी फुस्स. फट् करून एकदा बोलायची अन् मरायची.
शेवटी सायलेन्सरची नळी काढायला मागं वाकलो तर तोंडच बंद! कुंभारमाशीनं आत मातीचं घर केलेलं, एक नाही, एकाआड एक तीन. आपल्याच वावराची काळी माती. तुराटीनंच कोरून काढलं.

गॅरेजवाला दारव्हा
😂😂 टू स्ट्रोकचं मागचं तोंड बांधलं की जीव जाते तिचा. जळका धूर निंघाले जागा नाई तं नवा माल आत येईन कुठून. मंग?

धुऱ्यावरचा
चौथ्या किकला. कोठाभर धूर, गोऱ्हा दावं तोडून पळाला, आई स्वयंपाकघरातून ओरडली, "आले का गं बाई हे वावरातून?" मग तीच गप्प झाली. बाबांना जाऊन सात वर्षं झाली.
पोरगा मागं लागला आहे मडगार्ड काढा म्हणून. दहाचा पाना सापडत नाहीये.

संत्रापट्टी
गोऱ्हा सापडला का?

धुऱ्यावरचा
हो. शेजारच्यांच्या पराटीत. ते बोलणी खाणं अजून चालूच आहे.