विषय: रघुजीराजांची तलवार आणि डिसेंबरची भारतवारी

मंडळी, नमस्कार.
डिसेंबरमध्ये मुलांना घेऊन तीन आठवडे नागपूरला, सासरी जातेय. नागपूरकर भोसल्यांचे पहिले राजे रघुजी, त्यांची तलवार इथे लंडनच्या लिलावात निघाली तेव्हापासून मोठी लेक एकच विचारते, "आपल्या राजांचं बाकीचं सगळं कुठे आहे?" ती अकरा वर्षांची आहे, थातुरमातुर उत्तर चालत नाही. अजब बंगला, म्हणजे नागपूरचं जुनं संग्रहालय, दाखवला की पुरे होईल का? विदर्भातल्या कुणी सांगाल?

*

वहिनी, नमस्कार.
तुमची मेल मी गावातच वाचली. रामटेक तालुक्यात, नगरधनच्या शिवाला शिव लागून आमचं शेत आहे आणि धान निघेपर्यंत मी इथेच आहे.

लेकीच्या प्रश्नाचं उत्तर जड आहे, पण तिला ते तसंच सांगा. १८५३ मध्ये तिसरे रघुजी वारले. औरस वारस नाही म्हणून इंग्रजांनी राज्य खालसा केलं. मग वाड्यावरचे हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीला लिलावात काढले आणि जडजवाहीर विकायला कलकत्त्याला नेलं. त्यामुळे भोसल्यांचा खजिना एका छपराखाली बघायला मिळेल, ही आशा ठेवून येऊ नका. तलवार १८ ऑगस्ट २०२५ ला मुंबईत उतरली, तेव्हा आमच्या गावातही लोक मोबाइल पुढे करून एकमेकांना दाखवत होते ते याचसाठी. सरळ, एकधारी, युरोपी घडणीचं पातं, आणि त्यावर सोन्यात, देवनागरीत: 'श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहिबसुभा फिरंग'. सेनासाहिबसुभा ही त्यांची पदवी, फिरंग म्हणजे युरोपी पात्याची तलवार. मी फोटो मोठा करून आईपुढे धरला. चष्मा पुसून तिनं एकेक अक्षर लावलं आणि म्हणाली, "आपल्याच अक्षरात लिहून हाय ना बाप्पा!" तिथल्या मराठी मंडळाच्या शाळेत मराठी वाचायला शिकलेल्या लेकीलाही ते स्वतः वाचू द्या. तुम्ही वाचून दाखवू नका.

अजब बंगला जरूर दाखवा. १८६३ चा आहे, सोमवारी बंद असतो. पण एक अख्खा दिवस आमच्याकडे द्या.

नगरधन म्हणजे जुनं नंदिवर्धन, विदर्भावर राज्य करणाऱ्या प्राचीन वाकाटक घराण्याची राजधानी. अलीकडे डेक्कन कॉलेज आणि राज्य पुरातत्त्व विभागानं इथे उत्खनन केलं, त्यात मातीचा एक लंबगोल ठसा निघाला. लांबी साडेतीन सेंटिमीटर, वजन साडेसहा ग्रॅमसुद्धा नाही. त्यावर शंख आणि ब्राह्मी लिपीत नाव: प्रभावतीगुप्ता. ही गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची लेक, वाकाटकांची सून. नवरा रुद्रसेन लवकर गेला, मुलं लहान, म्हणून कारभार हिनं हातात घेतला. राणीचा शिक्का ओल्या मातीवर दाबला की तो ऐवज राणीच्या नावाचा, इतका तिचा अधिकार. दीड हजार वर्षं ती माती टिकली. ज्या रानात आमच्या बाया आज धान बांधतात, त्याच मातीतली ती! मला अजूनही हे सांगताना भरून येतं.

त्याच दिवशी रामटेकचा गड करा. लोक तडक रामाच्या देवळाकडे जातात. वाटेत वाकाटकांच्या काळातली नरसिंहाची दोन देवळं आहेत, तिथे थांबा. केवल नरसिंहाच्या देवळात भिंतीत शिलालेख आहे, त्यातही प्रभावतीचं नाव येतं. मनसरचं उत्खनन जवळच आहे, वेळ उरला तर बघा.

*

वहिनी, भाऊंनी वर्ध्याजवळचं पवनार कसं गाळलं? मी वर्ध्याची, म्हणून राहवत नाही. धाम नदीच्या काठी विनोबांचा आश्रम आहे. विनोबा तिथे १९३८ ला आले. शेत खणताना कुदळ दगडाला लागली आणि राम-भरत भेटीचं शिल्प वर आलं. तेही वाकाटकांच्याच काळातलं. इतिहास संशोधक वा. वि. मिराशींनी पवनारलाच प्रवरपूर, म्हणजे प्रभावतीचा मुलगा प्रवरसेन याची राजधानी, ठरवलं होतं. पुढे काही अभ्यासकांनी ते मनसरला नेलं, पण आम्हा वर्धेकरांना मिराशींचंच पटतं. शिल्प आश्रमातच आहे. लेकीला त्या दोघा भावांचे हात बघायला सांगा. मी लहानपणी आजीबरोबर जायचे तेव्हा ती दुसरं काही दाखवायचीच नाही.

*

भाऊ, काकू, मनापासून आभार. फोटो लेकीला दिला. 'सेनासाहिबसुभा'ला अडखळली, पण शेवटी लावलं. आता राणीचं नाव ब्राह्मीत लिहायचं म्हणून वही घेऊन बसलीय. तो ठसा बघायला मिळेल का?

*

वहिनी, ठसा बघायला मिळेल असं मी वचन देत नाही, विचारून कळवतो. पण जागा मी स्वतः दाखवीन. नगरधनच्या किल्ल्यात ऊन फार, सकाळी आठलाच या. जेवायला घरीच. आईनं आत्ताच विचारलं, "पोट्टीले गोळाभात चालते काय?"