‘रोमन हॉलिडे’चा (1953) शेवट पटतो का?

चौकट :
विल्यम वायलरचा ‘रोमन हॉलिडे’ जवळजवळ शेवटपर्यंत हसतखेळत चालतो आणि मग राजकन्या अ‍ॅन पत्रकारांशी हस्तांदोलन करून आत निघून जाते. ती आणि पळून गेल्यावर रोममध्ये तिच्यासोबत भटकलेला अमेरिकी पत्रकार जो एकत्र येत नाहीत. रोमँटिक कॉमेडीला हा शेवट शोभतो का? शोभत असेल तर पटकथेत त्याची तयारी नेमकी कुठे आहे? नव्याने पाहणाऱ्यांना सुरुवात संथ वाटते, तेव्हा थेट अ‍ॅन पळून जाते तिथून सिनेमा दाखवला तर काय बिघडेल? आणि कोणती प्रत पाहावी?

पटकथावाचक :
सुरुवात गाळली तर शेवटच गेला म्हणून समजा. तयारी स्वागतसमारंभाच्या प्रसंगातच आहे. पाहुणे रांगेने तिच्यापुढे येतात, ती जागेवर उभी राहून ठरलेली वाक्यं म्हणते. घोळदार झग्याखाली तिने दुखरा पाय बुटातून काढलेला असतो. मग बूट सापडत नाही, आणि ती खाली बसते तेव्हा तो सगळ्यांसमोर उघडा पडतो. एवढं होताना तिचा चेहरा मात्र ढळत नाही.

आता शेवटची पत्रकार परिषद पाहा. पुन्हा रांग आणि पुन्हा ठरलेली वाक्यं. पण या वेळी ती आपणहून पायऱ्या उतरून एकेकापाशी जाते. शिष्टाचारात हे बसत नाही, सोबतचे अधिकारी चपापतात. आवडतं शहर विचारल्यावर ती आधी पढवलेलं उत्तर सुरू करते, अर्ध्यावर तोडते आणि ‘रोम’ म्हणते. पहिली रांग पाहिलीच नसेल तर या दोन्ही गोष्टींचं वजन प्रेक्षकाला कळणार कसं? पळून गेलेली मुलगी परत येते ती कर्तव्य स्वतः निवडून. म्हणून हा शेवट मला नुसता पटतो असं नाही, दुसरा कुठलाही शेवट इथे खोटा ठरला असता.

कृष्णधवल :
वरच्या मुद्द्याला जोडून खोटेपणाचा धागा पाहा. अ‍ॅन खरी ओळख लपवून ‘आन्या’ होते, शाळेतून पळालेली. पत्रकार जो आपण खतं आणि रसायनं विकतो असं सांगतो. प्रत्यक्षात त्याने खास मुलाखतीसाठी संपादकाशी 5000 डॉलरचा सौदा केलाय, वर 500 डॉलरची पैज. दोघं ज्या दगडी तोंडापुढे उभे राहतात ती ‘बोका देल्ला वेरिता’, खोटारड्याचा हात चावते अशी तिची आख्यायिका. विनोद चालतो तो दोघांनाही लपवायचं आहे म्हणून. ती हात घालायला धजत नाही, मग तो घालतो.

जोची भूमिका करणाऱ्या ग्रेगरी पेकने तिथे हात बाहीत ओढून घेतला. युक्ती विनोदी नट रेड स्केल्टनची. अ‍ॅन झालेल्या ऑड्री हेपबर्नला आधी सांगितलं नव्हतं, त्यामुळे ती किंकाळी खरी आहे. दोघं एकाच चौकटीत असल्यामुळे तिचं दचकणं आणि त्याचं फसवणं आपल्याला एकदम दिसतं. आधी त्याचा चेहरा, मग तिचा, असं कापलं असतं तर मजा निम्मी झाली असती.

सावली :
मला जोचं वागणं खटकतं. झोपेच्या औषधाने गुंगलेली मुलगी, तिचे चोरून काढलेले फोटो, त्याचा फोटोग्राफर मित्र अर्व्हिंगचा लायटरमधला कॅमेरा. आज हे गोड म्हणून खपवता येणार नाही.

पटकथावाचक :
खटकायलाच हवं, सावली. सिनेमाही त्याला मोकळं सोडत नाही. ट्रेव्ही कारंज्यापाशी तो शाळकरी मुलीचा कॅमेरा मागायला जातो, तिथे तो किती हावरट दिसतो बघा! त्याला शेवटी किंमत मोजावी लागते ती याचीच: बातमी नाही, पैसे नाहीत, ती नाही. फोटोंचं पाकीट अर्व्हिंग तिच्याच हाती देतो, ‘रोमभेटीची आठवण’ म्हणून.

इथे लेखकाची गोष्ट महत्त्वाची ठरते. मूळ कथा डाल्टन ट्रम्बोची. 1947 साली अमेरिकी संसदीय समितीपुढे कम्युनिस्ट संबंधांबद्दल उत्तरं द्यायला नकार दिल्यामुळे तो हॉलिवूडच्या काळ्या यादीत होता, म्हणजे त्याला स्वतःच्या नावाने काम मिळत नव्हतं; तुरुंगातही जाऊन आला. म्हणून पडद्यावर नाव आलं मित्र इयन मॅक्लेलन हंटरचं, कथेचं ऑस्करही त्याच्याच नावावर. अकादमीने ते ट्रम्बोच्या नावे केलं 1993 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर. पटकथेचं श्रेय लेखक संघटनेने 2011 मध्ये परत दिलं. दुसऱ्याचं गुपित विकायचं की गप्प राहायचं, हा पेच अशा माणसाने लिहिला आहे. पत्रकार परिषदेत ती माणसामाणसांतल्या विश्वासाबद्दल बोलते आणि तो विश्वास वाया जाणार नाही असं जो सांगतो. तिथे आजूबाजूच्यांना मुत्सद्देगिरी ऐकू येते, त्या दोघांना वचन.

कृष्णधवल :
प्रतीबद्दल. 2020 ची पॅरामाउंटची ब्लू-रे डिस्क घ्या, ती 4के स्कॅनवरून केलेली आहे. चित्राची रुंदी-उंची जवळपास 4:3 आहे, म्हणजे आजच्या रुंद टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसणारच. टीव्हीचं ‘झूम’ बंद करा. ते चालू राहिलं तर वरखालचा भाग कापला जातो, आणि वर सांगितलेला बूट चौकटीत अगदी खाली आहे. रंगांची वाट पाहू नका. वायलरने स्टुडिओत सेट न लावता प्रत्यक्ष रोममध्येच चित्रीकरणाचा हट्ट धरला, त्यासाठी खर्च आखडला गेला, म्हणून सिनेमा कृष्णधवल.

प्रत्यक्ष चित्रीकरणाची एक खूणही राहिली आहे: स्पॅनिश पायऱ्यांवर आइस्क्रीमच्या प्रसंगात मागच्या चर्चचं घड्याळ शॉटगणिक वेळ बदलतं.

कोणी रोमला जाणार असेल तर त्या पायऱ्यांवर बसू नका, 2019 पासून दंड होतो. दगडी तोंड सांता मारिया इन कोस्मेदिन चर्चच्या ओसरीत आहे. जोची खोली व्हिया मार्गुत्ता 51, अंगण बाहेरून बघता येतं. पत्रकार परिषदेचं दालन पलाझ्झो कोलोन्नात आहे आणि ते रोज उघडं नसतं. मुख्य दिवस शनिवार, तोही सकाळचा, तेव्हा बाकीचा बेत त्याभोवती आखा.