औंधच्या श्री भवानी संग्रहालयात चित्रकलेचा वर्ग न्यायचाय, कसं आखावं?

कुंचला_सातारा: चित्रकलेच्या दुसऱ्या वर्षाची 30 मुलं साताऱ्याहून औंधला न्यायची आहेत. रविवर्मांची मूळ तैलचित्रं दाखवणं हा मुख्य हेतू. हाताशी तीन तास. क्रम कसा ठेवावा? तिथे बसून स्केचिंग जमेल का?

खटावकर: रहिमतपूरमार्गे जा. संग्रहालय गावात नाही, मूळपीठाच्या डोंगरावर आहे, तेव्हा गाडी वरपर्यंत न्यायचं आधीच ठरवा. सरकारी संग्रहालय आहे, सोमवार धरू नका. पौषात यमाईची यात्रा असते, ते दिवसही नकोत.

स्केचिंगसाठी कॉलेजच्या लेटरहेडवर आधी पत्र द्या, मुलांची संख्या लिहून. फक्त पेन्सिल आणि पॅड न्या. कोळसा, पेस्टल नको, भुकटी उडते. इझलही नको, वाट अडते. फोटोचं तिथेच विचारा. परवानगी मिळाली तरी फ्लॅश बंद.

शाईदौत: रविवर्मांपासून सुरुवात करू नका, असं माझं मत. आधी लघुचित्रं. ती हातभर अंतरावरून बघायची असतात, एका चित्रापुढे पाच-सहा जणांपेक्षा जास्त मावत नाहीत आणि डोळे दमले की बारीक रेघ दिसतच नाही. पाच गट करा, बाकीच्यांना तोवर शिल्पांकडे धाडा. तैलचित्रं मोठी, ती शेवटी सगळ्यांना एकत्र दाखवता येतात.

तैलरंग: क्रम पटला. रविवर्मांची ‘सैरंध्री’ बघताना मात्र समोर ठाण मांडू नका. वॉर्निशवर उजेड चमकतो आणि गडद भाग नुसता काळा दिसतो. दोन पावलं बाजूला सरकलं की सावलीतले रंग उघडतात.

मुलांनी रविवर्मा बहुतेक कॅलेंडरातच पाहिलेला असतो. त्यांचा छापखाना 1894 मध्ये मुंबईत निघाला. तिथल्या ओलिओग्राफमध्ये, म्हणजे तैलचित्रासारख्या दिसणाऱ्या रंगीत शिळाछापात, एकेका रंगाचा वेगळा दगड असे. काही छापांवर कॅनव्हासचा पोतही उठवत, म्हणून नुसत्या खरबरीतपणावर जाऊ नका. जुना छाप आणि भिंग वर्गातच दाखवून ठेवा: छापात ठिपके दिसतात. मूळ चित्रात कुंचल्याचा फटकारा आकाराबरोबर वळतो, दागिन्याच्या चकाकीवर रंग जाड बसलेला असतो. तिथे भिंग घेऊन चित्राला भिडायचं नाही, डोळ्यांनीच.

कुंचला_सातारा: इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं शिल्प खरंच तिथे आहे?

शाईदौत: आहे, ‘मदर अँड चाइल्ड’. हे संग्रहालय 1938 मध्ये उभारणारे औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार, त्यामुळे खरेदीत संस्थानिकी हौसेपेक्षा नजर जास्त. शिल्प लहान आहे, बाकीच्या वास्तववादी कामांत सहज नजरेआड होतं. दारातच कर्मचाऱ्यांना दालन विचारून घ्या.

खटावकर: जेवण उरकूनच वर चढा. मधे उतरलात तर तीन तासांतला एक गेलाच.