'घर'चं 'घ२' होतंय! गुजराती आणि मराठी अक्षरं एकदम शिकवावीत का?

नमस्कार मंडळी, आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारात राहतो. मुलगा सहा वर्षांचा, इंग्लिश मीडियम, यंदा पहिलीत गेलाय. घरी मराठी, खाली खेळताना गुजराती, आणि २०२३ च्या कायद्यामुळे शाळेत पहिलीपासून गुजराती कंपल्सरी. त्याबद्दल तक्रार नाही, इथे राहायचं तर यायलाच हवी. पण दिवाळीपासून मी रोज संध्याकाळी त्याला अर्धा तास मराठी लिहायला बसवते आणि आता सगळी खिचडी झालीये.

गुजरातीतला र आपल्या २ सारखा दिसतो ना, तर हा घर लिहितो ते 'घ२', मोर म्हणजे 'मो२'. शिरोरेघेला तो दोरी म्हणतो, आधी पानभर दोऱ्या बांधायच्या आणि मग अक्षरं कपड्यांसारखी वाळत घालायची, पण वाळत घातलंय काय तर २! मी म्हटलं अरे हा दोन आहे, तर म्हणे "नाही गं, टीचरनी हाच र सांगितलाय." उलटंही होतं, गुजरातीला शिरोरेघ नसते, तरी गेल्या आठवड्यात गुजरातीच्या वहीत सगळ्या ओळींना दोऱ्या बांधून आला, टीचरनी लाल पेनने सगळ्या खोडल्या आणि मला निरोप, घरी दुसरं काही शिकवू नका, मूल कन्फ्यूज होतं. वाईट वाटलं हो.

गंमत म्हणजे ग, म, न सारखेच म्हणून पटकन आले. क, ज, फ अगदी वेगळे, तेही फारसे चुकत नाहीत. गोची होते ती अर्धवट सारख्यांची.

आकड्यांचं वेगळंच. सासरे २९ विचारतात, हा "ओगणत्रीस" म्हणतो. मी सहज म्हटलं की २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात 'वीस नऊ' असंही दिलं होतं, तसं शिकवू का, तर असे भडकले! "सयाजीरावांनी १९०६ साली अख्ख्या राज्यात शिक्षण सक्तीचं केलं ते काय वीस नऊ म्हणायला?"

नवरा म्हणतो वर्षभर मराठी बंद ठेव. मला भीती वाटते की एकदा सुटलं की सुटलंच, नणंदेचा मुलगा मराठी फाडफाड बोलतो पण घरची लग्नपत्रिका वाचता येत नाही. थांबू का चालू ठेवू? कोणी या फेऱ्यातून गेलंय का?

प्रतिसाद: आम्ही कारेलीबागेत, मुलगी आता चौथीत. आम्ही मराठी लिहिणं सहा महिने बंद ठेवलं, वाचणं नाही. बालभारतीची पहिलीची पीडीएफ त्यांच्या साइटवर फुकट मिळते, रोज एक पान, बस. र साठी ताटात रवा पसरून बोटाने काढायला लावा, मराठी र दोरीला लोंबकळतो, २ चं डोकं गोल, तो दोरीला धरत नाही. आणि सासऱ्यांना सांगा, ओगणत्रीस काय नि एकोणतीस काय, दोन्हीत तिसाला एक कमीच, पोराला गणित येतंय!

धागाकर्ती: रव्याचं आज केलं. र बरा आला, अर्धा रवा फरशीवर. सासऱ्यांना अजून सांगितलं नाहीये 😄