फंडोप्लिकेशननंतर घास अडकणे, पोट फुगणे: किती दिवस थांबायचे?

गवतफूल
आईचे दुर्बिणीतून हायटस हर्नियाचे (जठराचा भाग छातीत सरकणे) आणि निसेन फंडोप्लिकेशनचे (आम्ल वर येऊ नये म्हणून जठर अन्ननलिकेभोवती गुंडाळणे) ऑपरेशन झाले, आता सहावा आठवडा आहे. जळजळ पूर्ण थांबली. पातळ पदार्थ नीट जातात, पण ब्रेड आणि कोरडा भात छातीच्या हाडामागे अडकतो. जेवल्यावर पोट तट्ट फुगते, ढेकर येत नाही. गोड खाल्ल्यावर अर्ध्या तासात घाम, धडधड आणि जुलाब असेही झाले आहे. यातले अपेक्षित काय, आणि काय तपासून घ्यायला हवे? फुग्याने डायलेटेशन (घट्ट जागा रुंद करणे) आत्ताच करावे का?

अर्धविराम
तीन तक्रारींची कारणे वेगवेगळी आहेत. घास अडकण्याचे आधी सांगतो.

निसेनमध्ये जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती पूर्ण ३६० अंश गुंडाळतात. टाके आणि हाताळणीमुळे तिथे सूज येते, ती ओसरायला साधारण ६ ते १२ आठवडे लागतात. सहाव्या आठवड्यात पातळ जाते आणि घट्ट अडकते, हे बहुतेक सुजेचेच लक्षण. म्हणून डायलेटेशनची घाई नको. त्रास रोज थोडा कमी होतो का हे पाहण्यापेक्षा मागच्या पंधरवड्यात न जाणारा पदार्थ आता जातो का, हे पाहा. सुधारणा उलट फिरली, म्हणजे आधी मऊ जात होते आणि आता पातळही अडते, तर तीन महिने थांबू नका, लगेच दाखवा.

ब्रेड, कोरडा भात आणि तंतुमय मांस सर्वात शेवटी सुरू करायचे. ब्रेड लाळेने फुगून गोळा होतो, म्हणून तो मऊ वाटला तरी अवघड. घास नखाएवढा, पूर्ण चावून, आधीचा खाली गेल्यावरच पुढचा. ताठ बसून खायचे.

घास अडकलाच तर वरून ग्लासभर पाणी ओतू नका. पाणी घासावर साठते आणि उलट येते. खाणे थांबवून उभे राहायचे, सावकाश चालायचे, वाट पाहायची. स्वतःची लाळही गिळता येत नसेल तर थेट आपत्कालीन विभाग गाठा.

शांतजल
फुगण्याबद्दल. गुंडाळीने बनलेली नवी झडप आम्ल अडवते तशी हवाही अडवते. ती बाहेर पडत नाही, म्हणून आत जाणारी हवा कमी करणे हाच खरा उपाय: सोडायुक्त पेये, स्ट्रॉ, च्युइंगगम आणि घाईचे जेवण बंद. रिफ्लक्सच्या (आम्ल वर येण्याच्या) काळात जळजळ शमवायला वारंवार हवा गिळण्याची सवय बऱ्याच जणांना लागलेली असते आणि ऑपरेशननंतरही ती राहते. पोटाने श्वास घेण्याचा सराव यासाठी खरोखर उपयोगी आहे. सिमेथिकोन या गॅसवरच्या औषधाकडून फार अपेक्षा ठेवू नका.

घाम, धडधड, जुलाब हे मात्र डम्पिंगसारखे (अन्न जठरातून फार वेगाने आतड्यात उतरणे) वाटते. जठराचा वरचा भाग गुंडाळीत गेल्याने अन्न साठवायची जागा कमी होते. कधी जठराची हालचाल चालवणारा वेगस मज्जातंतू दुखावलेला असतो. दोन्हींमुळे अन्न आतड्यात भराभर उतरू शकते. लवकरचे डम्पिंग जेवणानंतर तासाभरात होते. उशिराचे १ ते ३ तासांनी, आणि त्यात रक्तातली साखर घसरते. त्या वेळी ग्लुकोमीटरने मोजून आकडा लिहून ठेवा. साखर आणि गोड पेये बंद, प्रत्येक खाण्यात प्रथिने, दिवसातून सहा लहान जेवणे, पाणी जेवणाबरोबर नको, अर्ध्या तासाच्या अंतराने प्यावे.

उलट, जेवून कित्येक तासांनीही पोट भरलेले आणि मळमळ असेल तर जठर रिकामे व्हायला वेळ लागतो आहे. त्याची न्यूक्लियर तपासणी (किंचित किरणोत्सर्गी पदार्थ मिसळलेले अन्न देऊन केलेले स्कॅन) असते: चार तासांनी १० टक्क्यांपेक्षा जास्त अन्न उरले तर गती मंद. वेगसच्या इजेने दोन्ही टोकांचे त्रास होतात, म्हणून अंदाजाने औषध घेऊ नये.

गवतफूल
आभार. गोळ्यांचे काय? हाडांसाठीची आठवड्याची गोळी चालू होती.

अर्धविराम
ती अलेंड्रोनेट असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. अन्ननलिकेत अडकली तर जखम करते. डॉक्सिसायक्लिन आणि पोटॅशियमच्या गोळ्यांचेही तसेच. बाकी औषधे सिरप किंवा विरघळणाऱ्या रूपात मागा. दीर्घकाळ काम करणाऱ्या वा आंत्रावरण (आतड्यातच विरघळणारे आवरण) असलेल्या गोळ्या कुटायच्या नाहीत.

मोगरा
एक गोष्ट राहिली, ती फार महत्त्वाची. कोरड्या ओकाऱ्या येऊ देऊ नका. त्या जोराने टाके तुटतात, गुंडाळी छातीत सरकते. मळमळ सुरू होताच डॉक्टरांनी दिलेले औषध द्या, बद्धकोष्ठही होऊ देऊ नका. जोरदार ओकाऱ्यांनंतर नवीन दुखणे किंवा अडकणे सुरू झाले तर बेरियम तपासणी (बेरियमचे द्रव पाजून काढलेले एक्स-रे) लवकर व्हावी. पोट एकदम ताणले, ओकाऱ्या येतात पण बाहेर काही पडत नाही, अशा वेळी नाकातून नळी घालून जठर मोकळे करावे लागते. हे घरी निभावत नाही. ताप, वेगवान नाडी, छातीत तीव्र दुखणे, धाप यांसाठीही तसेच.

तीन महिन्यांनंतरही अडकत राहिले तर बेरियम, एंडोस्कोपी आणि मॅनोमेट्री (अन्ननलिकेतला दाब व हालचाल मोजणारी तपासणी) करून घ्या. गुंडाळी जागेवर आहे पण घट्ट आहे, असे दिसले तर १८ ते २० मिमीच्या फुग्याने डायलेटेशन बहुधा उपयोगी पडते. ती सरकली असेल तर फुगा काम करत नाही. दुसरे ऑपरेशन पहिल्यापेक्षा अवघड असते, त्यात गुंतागुंत जास्त. अशी ऑपरेशने नेहमी करणाऱ्या सर्जनकडेच जा. पहिल्या ऑपरेशनची नोंद आणि आधीची मॅनोमेट्री सोबत न्या, कारण अन्ननलिकेची हालचाल मुळात अशक्त होती का, हे त्यावरूनच कळते.