विल्यम्सबर्गचा जील्यो उत्सव कोणी पाहिला आहे का?

प्रश्न : न्यू यॉर्कच्या ब्रुकलिनमधील विल्यम्सबर्ग भागात जुलै महिन्यात माउंट कार्मेल मातेच्या चर्चचा उत्सव भरतो. त्यातला जील्योचा सोहळा इटलीतल्या नेपल्सजवळच्या नोला गावाहून आलेल्या स्थलांतरितांनी १९०३ साली सुरू केला. ज्यांनी तो प्रत्यक्ष पाहिला, त्यांच्या आठवणी वाचायला आवडतील.

उत्तर १ : मी सहा वर्षे जवळच्याच गल्लीत राहत होतो. जील्यो म्हणजे सुमारे ७० फूट उंचीचा आणि कित्येक टन वजनाचा मनोरा; तो, चौथऱ्यावरच्या वाजंत्र्यांसकट, शंभराहून अधिक माणसे खांद्यावर उचलतात आणि ‘कापो’ म्हणजे म्होरक्याच्या इशाऱ्यावर तालात नाचवतात. एका म्हाताऱ्या आजोबांनी सदऱ्याची कॉलर सरकवून मला खांद्यावरचा घट्टा दाखवला होता. लाकडाच्या दांड्याने घडवलेली ती कातडी लिंबाएवढी फुगली होती, आणि त्यावरून ते मायेने बोटे फिरवत होते.

उत्तर २ : जील्यो या शब्दाचा मूळ अर्थ लिलीचे फूल. एका विधवेच्या मुलाला सोडवण्यासाठी नोलाचे बिशप संत पाओलिनो यांनी स्वतः गुलामगिरी पत्करली, आणि ते परतले तेव्हा नोलाकरांनी लिलीची फुले घेऊन त्यांचे स्वागत केले, अशी आख्यायिका आहे. नोलाच्या मूळ उत्सवाला २०१३ साली युनेस्कोच्या यादीत स्थान मिळाले.

उत्तर ३ : इथले जुने चर्च महामार्गासाठी पाडले गेले, वस्ती विखुरली, घरभाडी परवडेनाशी झाली; तरीही लाँग आयलंड आणि न्यू जर्सीला गेलेली कुटुंबे मनोऱ्याला खांदा द्यायला परत येतात, हे मला फार मोलाचे वाटते.